जंताले जेवण

अकोटच्या एस.टी. स्टँडावर नत्थुजीचा टांगा दिसला, की जाणकार गिऱ्हाईक आधी घोडीची तब्येत विचारायचं आणि मग भाडं. न विचारलं तर नत्थुजीच सांगायचा. चिमी घोडी म्हणजे त्याची लेकच! स्वतः भाकरीसंगं मिरची चावणारा हा गडी तिला मात्र भिजवलेला हरभरा चारायचा, वर गूळ. "लेकीच्या लाडात हात आखडता घेत नाही आपन," म्हणायचा. बायको, केशरबाई, कपाळावर हात मारून घ्यायची.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्या लाडानंच घात केला. चिमीची लीद पातळ झाली, पोट गुरगुरू लागलं, तिनं दाण्यावरून तोंड फिरवलं. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर पुण्याकडचे. त्यांनी नळी लावून पोट ऐकलं आणि समजावलं, "हरभरा बंद करा. हिच्या आतड्यात चांगले जंतू असतात, चारा तेच पचवतात. त्यांची उपासमार झालीय. कडबा आणि गव्हाचा कोंडा द्या, म्हणजे त्यांना खायला मिळेल."

नत्थुजीनं 'जंतू'चे 'जंत' ऐकले.

झालं! घरी येईस्तोवर पारा चढला. "जंताले जेवू घाल म्हन्ते! पुन्यात असंच करतेत काय? माह्या लेकीच्या पोटात पाव्हने पोसू मी?" कोंडा म्हशीपुढं ओतला आणि पळसाच्या बियांचा काढा चिमीच्या घशाखाली उतरवला. जंत पाडण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, हीच तर पंचाईत.

दुसऱ्या दिवशी चिमी बसली ती उठेना.

"अकड पुरे झाली," केशरबाई कडाडली. "मरून राहिली ते! जा, पाय धरा डॉक्टरचे."

तो अनवाणीच धावला. काढ्याचंही सांगून टाकलं. डॉक्टर ओरडलेच, "अहो, जंत नव्हे, जंतू! तिच्या पोटातले राबणारे गडी ते. त्यांनाच मारायला निघालात?"

नत्थुजीनं डॉक्टरांचे पाय धरले. "एका शब्दापायी जीव घेत होतो जी मी तिचा."

डॉक्टर स्वतः घरी आले, औषध पाजलं. दोन दिवस नत्थुजी गोठ्यातून हलला नाही. तिसऱ्या दिवशी चिमी धडपडत उठली आणि तिनं कोंड्यात तोंड घातलं. नत्थुजीच्या डोळ्यांना धार लागली. तिच्या पोटावर गाल टेकून तो हळूच म्हणाला, "जेवा बापहो, पोटभर जेवा. चुकलं माह्यं."