रस्त्याकडच्या खोलीचा फळा

आमच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्याने द्यायची ठरली, तेव्हा वडिलांनी सगळ्यात आधी शाळेतला एक बाद झालेला फळा विकत आणला. दुसऱ्या कुणी वाण्याच्या कानावर घातलं असतं, की झालं. बऱ्हाणपुरात खोल्या अशाच जात. पण वडील मराठी शाळेत मास्तर. जे सांगायचं ते फळ्यावर, खडूने, पूर्ण वाक्यांत, अशी त्यांची पद्धत. घरातही आम्हाला बाजारातून काय आणायचं ते ते निबंधासारखं सांगत. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि मला तेव्हा कशाचाही पटकन राग यायचा. अजूनही येतो.

खोली दादाची होती. माझा थोरला भाऊ, कचेरीत कारकून. आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, विदर्भ मुंबई राज्याला जोडला आणि आम्ही तापीकाठचे मराठी लोक नव्या मध्य प्रदेशात राहिलो, त्या वेळची ही गोष्ट. सरकारी नोकरांची वाटणी चालली होती. कुणाला कुठल्या राज्यात जायचं, तसा कागद भरून मागितला होता. वडील रोज जेवताना म्हणत, “आपण इथलेच. सगळे मराठी निघून गेले तर माझ्या शाळेत बसणार कोण?” दादा खाली मान घालून भात कालवायचा. त्याने कागदावर मुंबई राज्य लिहून दिलं होतं, हे आम्हाला अकोल्याचा हुकूम आला तेव्हा कळलं.

दादाचंही खोटं नव्हतं. कचेरीतलं सगळं हिंदीत होणार होतं, आणि त्यात तो मागे पडला असता. पण हे त्याने घरात बोलायला हवं होतं. वडील भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं, आणि तो गेला त्या सकाळी ते नेहमीच्या वेळेला शाळेत निघून गेले. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार तरी कुणाकडे करणार?

पावसाळाभर खोली बंद राहिली. मग एक दिवस वडील म्हणाले, बंद खोलीला वाळवी लागते, भाड्याने देऊ. मला वाटतं, येता-जाता ते बंद दार त्यांना बघवत नव्हतं.

त्यांनी सांगितलेला मजकूर मला अजून पाठ आहे. “खोली भाड्याने देणे आहे. खोली मोठी असून खिडकी रस्त्यावर उघडते. शेजारी माग आहेत. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आवाज येतो. पावसाळ्यात एक कोपरा गळतो. नळाला पाणी फक्त सकाळी येते. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नाही.” खाली हेच सगळं हिंदीत.

“बाबा, खोली घ्या म्हणून लिहितोय की घेऊ नका म्हणून?” मी विचारलं.

“राहायला आल्यावर त्याला कळणारच ना? मग आपण आधी सांगितलेलं बरं.”

शेजारचे मागवाले चाचा फळा वाचून हसायला लागले. “मास्साब, हमारे माग भी लिखवा दिए? अब हमारा किराया दो!” पलीकडच्या काकू म्हणाल्या, झाकली मूठ सव्वा लाखाची असते, अति तिथे माती. वडिलांवर काही परिणाम झाला नाही.

मी खडू ठेवणार, तेवढ्यात आई दारात आली. आई जवळच्याच दापोरा गावची, बोलणं तिकडचंच. “आनखी एक लिव्ह,” ती म्हणाली. “पोरगा बदली होऊन माघारी आला, तं महिन्याच्या आत खोली सोडा लागीन.”

“आई, असं लिहिलं तर कोण येईल?”

“मंग काय खोटं बोलू? तो आला तं त्याले ओट्यावर निजवू?”

मी वडिलांकडे पाहिलं. दुसऱ्याच्या पत्रातलंही वाक्य दुरुस्त करणारा हा माणूस खिडकीच्या गजाकडे बघत उभा होता. “लिही,” एवढंच म्हणाले. मी लिहिलं, मराठीत आणि खाली हिंदीतही.

आश्चर्य म्हणजे लोक आले. मागांची खटखट, गळका कोपरा, पाणी, ऊन, यातल्या कशालाच कुणी भ्यालं नाही. उलट असा फळा लावणारा घरमालक आपल्याला फसवणार नाही, असंच त्यांना वाटत असावं. जनावरांच्या दवाखान्यात सागरहून एक कंपाउंडर बदलून आला होता. तो खोली बघून खूश झाला. कोपऱ्यात बादली ठेवू म्हणाला. मग त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “मास्साब, बेटा कब तक आएगा?”

“सांगता येत नाही,” वडील म्हणाले.

“आएगा तो पक्का?”

आई आतूनच म्हणाली, “येईन ना. काहून नाही येनार?”

कंपाउंडरने हात जोडले. “बाल-बच्चे वाला आदमी हूँ, माताजी. महीने भर में सामान लेकर कहाँ जाऊँगा?” त्याच्यानंतर आलेलेही त्याच ओळीपाशी अडले आणि गेले.

फळा धुळीने पुसट व्हायचा, कधी शेळ्या अंग घासून जायच्या. दर आठ दिवसांनी मी तो नव्याने लिहायची. शेवटच्या ओळीला आले की मला दादाचा राग यायचा, मग आईचा, आणि मग स्वतःचाच, कारण ती ओळ मी सगळ्यात सुबक काढायची. घराचा गळका कोपरा चारचौघांत कबूल करायला फारसं काही लागत नाही. वडिलांनी तो एका दमात सांगितला होता. पण त्या घरात आम्हा तिघांना एक गोष्ट ठाऊक होती आणि ती कुणी कुणाला सांगत नव्हतं. आम्ही खोली भाड्याने द्यायला काढली होती आणि ती कुणाला मिळू नये म्हणून रोज देवाला हात जोडत होतो. मी तरी जोडत होते.

दिवाळीला दादा आला. टांग्यातून उतरला आणि फळ्यासमोर थांबला. पहिल्या ओळी वाचताना हसला. मग हसू गेलं. आईने त्याच्या खोलीत गादी घातली, त्याच्या आवडीच्या करंज्या केल्या. भाऊबीजेला मी त्याला रागारागात ओवाळलं, तरी त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि मला रडू आलं. वडील त्याच्याशी बोलत नव्हतेच. ते त्याच्या ताटाकडे बघून आईला म्हणत, “त्याला भाजी वाढ.”

निघायच्या दिवशी त्याने उरलेली पुस्तकं, आरसा, भिंतीवरची खुंटीसुद्धा ट्रंकेत भरली. आई बघत राहिली.

“अकोल्याला दोन खोल्या घेतल्यात,” तो म्हणाला. “तिथेच कायम होईन म्हणतो.”

टांगा दारात उभा होता. आईच्या पाया पडून तो सरळ झाला आणि फळ्याकडे वळला. “आई, ती शेवटची ओळ खोटी आहे गं.”

“खोटी नाही ती!” वडील एकदम ओरडले. कित्येक महिन्यांनी ते त्याला उद्देशून बोलले ते हे. त्यांचा आवाज फाटला होता. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला इतकी भीती वाटली की मी टांग्याच्या घोड्याकडे बघायला लागले.

दादा त्यांच्या पायांशी वाकला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

आईने पाण्याचा तांब्या आणला होता, दादासाठी. त्यात तिने पदराचं टोक बुडवलं. “खोटीच हाय ते,” ती हळूच म्हणाली आणि मराठीतली ओळ पुसली, मग हिंदीतलीही. आईला वाचता येत नव्हतं, पण त्या दोन्ही ओळी कुठे आहेत हे तिला बरोबर माहीत होतं. “जा बाप्पा आता,” ती दादाला म्हणाली. “गाडी चुकीन.”

टांगा वळणावरून दिसेनासा झाला, तशी आई आत गेली. मी खडू घेऊन पुढे झाले, तर वडिलांनी तो माझ्या हातातून घेतला. ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही, म्हणून वाळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग रिकाम्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, “खोली आजपासून रिकामी आहे.”