आईच्या मांडीवरचं कोकरू

बिरोबाकडे आईसाठी नेमकं काय मागावं, हेच मला कळेनासं झालं होतं. आजार समजला तेव्हा मी बिनदिक्कत तिचं आयुष्य मागितलं होतं. पण पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली, आई मिरजेच्या दवाखान्यात अंथरुणाला खिळली, तेव्हापासून देवापुढे हात जोडले की माझे शब्दच अडायचे. आयुष्य वाढव म्हणावं तर तिचे हाल बघवत नव्हते. सोडव म्हणावं तर मी तिची लेक. देव ऐकतो की नाही, अशी शंकाही त्या दिवसांत मनाला शिवून गेली.

आईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं. जतकडच्या माळावर आमचं घर आहे. भाऊ फौजेत गेला, मी लग्न होऊन साताऱ्याला आले, तेव्हा कुठे तिने मेंढरं विकली. दवाखान्यात तिचं घोंगडं आत नेऊ दिलं नाही. नाकात नळी होती. ती चहा मागायची आणि मी कापूस ओला करून तिच्या ओठांना लावायचे. गुंगीतून जागी झाली की म्हणायची, "बाय, कोकरू वरडतंय बग. त्याला माझ्याजवळ दे." मी म्हणायचे, "देते हं." तेवढ्यावर ती पुन्हा डोळे मिटायची.

एका सकाळी तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला शेजारी बसवून घेतलं. "यांना बरं करणं आता आपल्या हातात राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "दुखू नये म्हणून औषध देऊ, ते घरीही देता येईल. यांना काय हवंहवंसं वाटतं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "चहा मागते. घोंगडं मागते." कोकराचं सांगायला संकोच वाटला, तरी तेही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "नळी काढू. बसतं करून घोट-घोट चहा द्या. घोंगडं पांघरा. घरी गेल्यावर कोकरूही आणा कुणाचं तरी."

भावाला फोन केला. सीमेवरून त्याचा आवाज तुटत येत होता. "आक्का, दवाखान्यातनं काढू नगंस तिला. मी सुट्टी टाकलीय. तवर तरी जगू दे." मी त्याला समजावू शकले नाही. फोन ठेवला, डोळे मिटले आणि इतकंच म्हणाले, देवा, मी तिला घरी नेतेय. चुकत असेन तर वाटेत अडव.

आणि वाटेत आम्ही अडलोच. कवठेमहांकाळ मागे टाकलं आणि पुढे सगळा रस्ता मेंढरांनी भरला होता. गाडीवाला कुरकुरला. मला माझंच मागणं आठवलं. हीच ती खूण असेल तर? तेवढ्यात घोंगड्यातून आईने मान उचलली. घंटांचा आवाज तिच्यापर्यंत पोचला होता. तिने नुसता हात पुढे केला.

मी गाडीतून उतरले. पुढे एक म्हातारे धनगरबाबा चालले होते. त्यांच्या खांद्यावरच्या झोळीतून एक इवलंसं तोंड बाहेर डोकावत होतं. मी म्हणाले, "बाबा, माझी आई लय आजारी हाय. तिनं जन्मभर मेंढरं राखली. जरा कोकराला हात लावू द्याल का?"

"लावू द्यायचं काय त्यात?" ते म्हणाले. "आत्ताच वाटंवर जन्मलंय. अजून ओलं हाय बगा."

त्यांनी गाडीत चढून ते आईच्या मांडीवर ठेवलं. तिची बोटं किती दिवसांनी कामाला लागली! कोकराच्या कानामागे तिने खाजवलं, त्याच्या तोंडाशी बोट नेलं आणि ते चोखू लागलं. "भुकं हाय," आई स्पष्ट म्हणाली. "आईला पाजू दे त्याला." बाबांनी कनवटीचा भंडारा काढून तिच्या कपाळाला लावला, कोकरू उचललं आणि शीळ घालत कळप रस्त्याखाली उतरवला. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

कोकरू मांडीवर असताना मी मोबाइलवर काढलेला आईचा फोटो भावाला पाठवला. खूप वेळाने त्याचा फोन आला. "आई हसतीया," तो बोलला. मग म्हणाला, "घरीच ने. मी थेट तिथंच येतो."

आम्ही घरी आलो, मागोमाग तोही पोचला. त्याच्या हातून आई बशीतला चहा प्याली. दुखणं होतं, पण औषधाने आवाक्यात राहिलं. एका दुपारी तिचा श्वास मंदावला. भाऊ गाडी बोलवायला उठला. आईने त्याचं मनगट धरलं. "बस हितं," ती म्हणाली. "दोघं जेवा माझ्यापुढं." आम्ही तिच्या उशाशी ताट मांडलं. तिच्यासाठी एकेक घास जेवलो. ती बघत होती. बघता बघता तिचे डोळे स्थिर झाले आणि घर शांत झालं.

तो कळप त्या दिवशी त्या रस्त्याला कसा आला, याचा शोध मी घेतला नाही. मेंढरं रोजच कुठून तरी कुठे जात असतात. मला एवढंच उमगलं, की माझ्या मुठीत काही नव्हतं आणि तरीही आईला काही कमी पडलं नाही. बिरोबाच्या पायाशी आता जाते, तेव्हा माझ्या हातात फक्त भंडारा असतो. तो वाहते, जरा वेळ बसते आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागते.