आबांचा लंडनमधला उतारा

नंदुरबार स्टेशनात सुरतेची गाडी उभी होती आणि विलायतेला निघालेल्या माझ्या अंगावर नवी कोरी खादी होती. लोणखेड्याहून दोन बैलगाड्या भरून माणसं पोचवायला आली होती. मायने खिडकीतून हात आत घालून माझं मनगट धरलं होतं. "तठला लोके भाकर खातस का रे भाऊ? कोन देई तुले?" तिच्यामागून माझे वडील, आबा, मी तिथे कुठे उतरणार ते पुन्हा पुन्हा विचारत होते, "उतारा कोठे शे तुन्हा?"

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. शहाद्याच्या बाजारात भिंतीवर लागलेलं पत्रक पोलिसांनी खरवडायच्या आत मला पाठ असे. मी गरजलो, "आबा, मी उतारा शोधाले नही, सरकारनं सिंहासन हालवाले जाई ऱ्हायनू!"

"हालव भाऊ," आबा म्हणाले, "पन पह्यले जेवी लेजो."

सगळे हसले. माय पण हसली. त्या हसण्यातच गाडी हलली आणि तिचा हात सुटला.

गावाकडच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखे बोटीत बसून निघून आलेल्यांनो, तो प्रश्न मला कळायला काही वर्षं जावी लागली. तोवर मी लंडनमध्ये एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो, सरकारविरुद्ध लेख लिहीत होतो आणि तिघा विद्यार्थ्यांबरोबर एका खोलीत राहत होतो. एक दिवस घरचं पत्र आलं. आमचा कापूस घेणारे सुरतेचे शेठ व्यापारासाठी विलायतेला निघाले होते आणि आबांना म्हणाले होते, "पाटील, चला, मुलाला भेटून या." शेठ आपल्या दलालाकडे उतरणार होते. आबांनी कळवलं होतं, "मन्हा पोऱ्या तठे शे. मन्हा उतारा तोच पाही."

मी ठरवलं, आबा उतरतील तर मोठ्या बागेसमोरच्या एका बड्या हॉटेलात. गव्हर्नर लोक जिथे उतरतात त्या दारातून तापीकाठचं पागोटं आत जाईल! पैशांची सोय मी कशीही करणार होतो. मॅनेजर फार सभ्य निघाला. म्हणाला, "आपल्या वडिलांचं जेवण आम्ही खोलीतच पाठवू. आणि त्यांनी बाजूचा जिना वापरला, तर इतर पाहुण्यांना अवघड वाटणार नाही."

मी जे बोललो ते दिवाणखान्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. बाहेर पडलो तेव्हा डोक्यात अग्रलेख तयार होता. ट्रामच्या थांब्यावर मात्र एकदम डोळ्यांपुढे आलं की आबा माझ्याशेजारी उभे आहेत, पागोटं सावरताहेत आणि हळूच विचारताहेत, "काय म्हने तो?" मी त्यांना काय सांगणार होतो? माझ्या एका अग्रलेखासाठी मी बापाला त्या दारात उभं करायला निघालो होतो.

मग मी आबांच्या पद्धतीने शोधायला लागलो. सारंगखेड्याच्या यात्रेला गेलं की आबा बैल लगेच सोडत नसत. आधी उतरून एकटेच फिरून येत. पाणी ओंजळीत घेऊन चाखत. कोणाच्या चुलीचा धूर आपल्याकडे येईल ते वाऱ्यावरून बघत. मग शेजारच्या गाडीवाल्याला विचारत, "कोनतं गाव, दादा?" तो नीट बोलला तर बैल सुटत, नाहीतर आम्ही पोरं उपाशी आणि गाडी पुढे.

म्युझियमजवळच्या गल्ल्या स्वच्छ होत्या. तिथल्या एका लँडलेडीला विचारलं, शेजारी कोण राहतं? "देवाची कृपा, मला माहीत नाही," ती म्हणाली. इथे आबांनी बैल सोडले नसते.

शेवटी पूर्वेला, गोदीजवळच्या एका गल्लीत आलो. बाया दारातल्या पायऱ्यांवर बसून वाटाणे सोलत होत्या. नोरा नावाच्या आयरिश विधवेकडे वरची खोली रिकामी होती. मी नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, खिडकी उघडून ऊन कुठून येतं ते पाहिलं, चिमणीचा धूर पाहिला.

"खोली भाड्याने घेतोयस की घोडा विकत घेतोयस?" नोरा म्हणाली.

मी सांगितलं, वडील येणार आहेत, शेतकरी आहेत, मांस खात नाहीत, पहाटे उठतात.

"पहाटे? मग शेगडी तेच पेटवतील. नाव काय त्यांचं?"

लंडनमध्ये आबांचं नाव विचारणारी ती पहिली. मी तिथल्या तिथे खोली घेतली.

आबांबरोबर पाठवायला मायने मिरच्या कुटल्याचं पत्र आलं. त्यामागोमाग जर्मनीशी लढाई आली. शेठनी बेत सोडला, आणि आबांचं येणं राहिलं ते राहिलंच. नोराने विचारलं, "खोली दुसऱ्याला देऊ का?" मी माझी ट्रंक उचलली आणि तिथे राहायला आलो.

साम्राज्य गेलंच पाहिजे, हे मी आजही लिहितो. लिहितो ते नोराच्या शेगडीपाशी बसून, आणि बॉम्बहल्ल्याचा भोंगा वाजला की तिचा हात धरून तिला तळघरात नेतो. यात मला विसंगती वाटत नाही. लोणखेड्याची आठवण मात्र रोज येते. तुरीच्या शेंगा भाजल्याचा वास आठवतो, मायचा आवाज आठवतो. पूर्वी वाटायचं, घर म्हणजे परत जायची जागा. आता वाटतं, जिथे आपल्या माणसाला न मागता जागा मिळते, ते घर.

समोर एक म्हातारा गोदी कामगार राहतो. माझ्याकडून ऐकून ऐकून आबांच्या बैलांची नावं त्याला पाठ आहेत. रविवारी मी त्याच्या पायरीवर जाऊन बसलो की तो विचारतो, "बोट आली का रे?" मी नाही म्हणून मान हलवतो. तो मग पाइप पेटवतो आणि थोडा सरकून बसतो. आम्हा दोघांमध्ये एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा राहते. गल्लीतलं कोणीच तिथे बसत नाही.