बिअरच्या रंगाचे टॉवेल

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला सांगायचं म्हणून दोनदा फोन लावला, आणि दोन्ही वेळा सुताच्या दराबद्दल बोलून फोन ठेवून दिला. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

मी हळवी बाई नाही, हे आधीच सांगते. सोलापुरात भवानी पेठेत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सासऱ्यांनंतर मीच तो चालवते. कुणी रडत आलं तर मी आधी पाणी देते आणि मग काम काय आहे ते विचारते. त्यामुळे हे वाचताना माझ्याबद्दल कणव वगैरे वाटून घेऊ नका.

सात वर्षांपूर्वी बंगळूरहून एका माणसाचा फोन आला. त्याचे तीन बार होते, आणि बिअर तिथंच बनायची — क्राफ्ट बिअर. त्याला टेबलावर ठेवायला छोटे टॉवेल हवे होते, पण असे तसे नाहीत. ज्या बिअरचा जो रंग, तोच रंग टॉवेलला. फोटोवरून शेड जुळत नाही, हे तुम्हाला कुठलाही रंगवाला सांगेल. म्हणून मी नरसय्याला बरोबर घेतलं.

नरसय्या आमचा डाइंग मास्टर. (नावं मी बदललीत.) तेलुगू विणकर घरातला, हात कोपरापर्यंत कायम रंगलेले. शेड डोळ्यानं पकडायचा, आणि तीही अशी, की मशीननं नंतर फक्त होकार द्यायचा. हा माणूस एके काळी भयंकर प्यायचा. बायकोला, अंबूबाईला, मारायचा. मग मार्कंडेयाच्या देवळात मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, आणि अंबूबाईनं तिथंच सांगितलं — आपण होऊन ग्लासाला हात लावलास, तर त्या दिवशी मी माहेरी. नऊ वर्षं तो दारूला शिवला नव्हता.

हे मला माहीत होतं का? सगळ्या पेठेला माहीत होतं. निघायच्या दिवशी माग थांबवून कामगार त्याची टिंगल करत होते. "मास्तर, बारमधी जाऊन नुसतं बगून येणार व्हय? देवळात जाऊन परसाद न खाता येण्यासारकं झालं की!" तोही हसला. अंबूबाई स्टेशनवर आली होती. "अक्का, ह्यांच्याकडं लक्ष ठेवा." मी म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोरच असतील.

दोन दिवसांत आम्ही पाच बार पाहिले. तीन त्या माणसाचे, आणि दोन दुसऱ्यांचे, टेबलावर बाकीचे काय वापरतात ते कळावं म्हणून. काचेपलीकडं स्टीलच्या उंच टाक्या, सगळीकडं आंबलेल्या पिठाचा वास. आम्ही भर दुपारी जायचो, कारण नरसय्याला उजेड लागायचा. "बाई, दिव्याखाली बगून उपयोग न्हाय." लाकडी पाटीवर सहा छोटे ग्लास यायचे, तो एकेक उचलून खिडकीशी न्यायचा, मागं पांढरा टॉवेल धरायचा, फेस बसेपर्यंत थांबायचा आणि वहीत लिहायचा. गढूळ पिवळा. मधाचा. तांब्याचा. एक जवळजवळ काळा, पण कडेला लाल. नऊ वर्षांनी इतका जवळ ग्लास, आणि त्याचा हात जराही हलत नव्हता. मी पाहत होते. मला कौतुक वाटलं होतं — हेही लिहून ठेवते.

तिसऱ्या बारमध्ये — मालकाचा हाच सगळ्यात मोठा — तो स्वतः आमच्या टेबलाशी येऊन बसला. शेड त्याला पसंत पडल्या होत्या, ऑर्डर जवळजवळ झालीच होती. त्यानं दोन मोठे ग्लास मागवले. बाहेरून काय बघता, म्हणाला, चाखल्याशिवाय आमचा माल कसा कळणार? त्याची माणसं फोनवर फोटो काढत होती, त्यांच्या फेसबुकच्या पानावर टाकायला — सोलापूरचे विणकर आमच्याकडं.

माझ्यासमोर ग्लास. समोर कॅमेरा. आणि माझ्या डोक्यात काय आलं? नरसय्या? नाही. माझा बिअरसकटचा फोटो भवानी पेठेत कुणाकुणाच्या फोनवर जाईल, एवढंच आलं. मालकाला नाही म्हणायची माझी तयारी नव्हती, आणि स्वतः उचलायचीही. मी दोन्ही ग्लास नरसय्यापुढं सरकवले आणि म्हटलं,

"घ्या मास्तर. एकानं काय होतंय?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मालकाकडं पाहून हसत होते. मग खुर्ची मागं घेऊन फोटोच्या बाहेर झाले.

तो एक ग्लास प्यायला. दुसरा त्यानं तसाच ठेवला. परतीच्या गाडीत तो सारखा उठून बेसिनवर चूळ भरत होता.

इथं थांबता आलं असतं तर ही फक्त एक चूक राहिली असती. पण आठवड्यानं कुणीतरी तो फोटो अंबूबाईला पाठवला. खिडकीचा उजेड, हातात ग्लास, आजूबाजूला कुणी नाही. ती फोन घेऊन कारखान्यात आली. नरसय्या तिथंच उभा होता, हात पुसत. तिनं त्याला काही विचारलंच नाही. मला विचारलं.

"अक्का, खरं सांगा. आपण होऊन घेतला का कुणी हातात दिला?"

साधा प्रश्न होता. कुणी दिला असता तर ती राहणार होती — म्हणूनच तर विचारत होती ना? मी मात्र दुसराच हिशेब केला. बाई कारागिरांना बाहेर नेऊन दारू पाजते, हे पेठेत झालं तर कुठली बायको आपला माणूस माझ्याकडं ठेवेल?

"मी नको म्हणत होते," मी म्हटलं.

नरसय्यानं मान वर केली. मी वाट पाहिली. आता तो बोलेल, आता बोलेल. तो म्हणाला, "चुकलं माझं."

मालकिणीला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं नाही, म्हणून? की त्याला खरंच तसं वाटत होतं? मी कधी विचारलं नाही.

अंबूबाई मुलीला घेऊन भावाकडं गेली. त्या एका ग्लासानंतर नरसय्या प्यायला नव्हता. ती गेल्यावर प्यायला लागला. दोन लॉट शेडमध्ये फसले. मी त्याला काढलं. अंबूबाईला काम हवं होतं, तिला शिलाईत घेतलं. बाईंचं मन मोठं, असं लोक म्हणाले, आणि मी ते ऐकून घेतलं.

गेल्या वर्षी तो गेला. बातमी आली तेव्हा ती मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत होती. उठून माझ्याकडं आली.

"अक्का, मी जायला पायजे का? शपत तर त्यानंच मोडली की."

शेजारी कुणी नव्हतं. मशिनी चालू होत्या, दुसऱ्या कुणाला ऐकूही गेलं नसतं. एका वाक्याचं काम होतं.

"तुझं तू ठरव," मी म्हटलं.

 ती परत जाऊन बसली आणि हातातला गठ्ठा संपवला. ती गेली नाही. मुलीलाही जाऊ दिलं नाही.

अंबूबाई अजून माझ्याकडंच आहे. मराठी ती चांगली बोलते, पण वाचता येतं ते फक्त तेलुगू. हे मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच हे लिहायला मी धजले.