सावरीची गादी

गादी दुकानाच्या फळीवर टाकली की तो आधी मूठ वळायचा आणि खड्डा पडला असेल तिथे ती मनगटापर्यंत आत खुपसायचा. मूठ तशीच ठेवून मग गिऱ्हाइकाकडे बघायचा आणि विचारायचा, "ह्याच्यावर कोण झोपतंय? माणूस का म्हैस?"

गिऱ्हाईक बाई असली तरी प्रश्न तोच.

मला तो माणूस कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याविषयी कुणाचा भलता समज नको. आमच्या पेठेत बोळाच्या तोंडाला त्याचं गाद्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक पिंजायचं मशीन, एक फळी आणि कापसाच्या कणांनी पांढरी झालेली भिंत. सगळे त्याला गादीवाला म्हणायचे. नाव विचारायची कुणाची छाती झाली नाही. अंगानं काटकुळा, पण आवाज असा की दुकानात बोलला तरी तालमीपर्यंत ऐकू जावा.

गादी पिंजायला टाकली की घरातलं एक माणूस समोर बसतं, हे तुमच्याही गावात असेल. कारण उघड आहे. चांगला कापूस फळीखाली जातो आणि आत भलताच कचरा भरला जातो, असा गाद्या भरणाऱ्यांवर लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या संशय आहे. बाकीच्या दुकानदारांना असं कुणी पाळतीवर बसलं की राग येतो. याचं उलट होतं. गिऱ्हाईक बसल्याशिवाय हा टाका उसवायचा नाही.

"बसा हितं समोर. कापूस बघत बसा. मागनं बोंब नको."

एकदा आमच्या बोळातले वकील मध्येच फोन आला म्हणून उठले आणि तसेच कोर्टात गेले. दोन तासांनी परत येऊन बघतात तर निम्मी गादी उघडी, मशीन बंद आणि हा पाय पसरून बसलेला. वकील तापले. हा म्हणाला, "तुम्ही न्हाय तर मशीन न्हाय. लई कायदा शिकलाय न्हवं? मग बसा."

मी एकदा विचारलं होतं, एवढा कसला सोस म्हणून. तेव्हा तो सरळ बोलला होता. "मास्तर, माझ्या आज्याला ह्याच पेठंत लोकांनी कापूसचोर म्हटलंय. भर बाजारात. त्यानं काय सुदीक चोरलं न्हवतं. पर म्हातारा मरंस्तवर मान खाली घालून चालला. मला कुणी तसं म्हणायचं न्हाय." एवढं बोलून त्यानं मला दुकानासमोरून हाकललं, कारण मी त्याच्या उजेडात उभा होतो.

आता माझ्या घरातलं सांगतो. बायकोच्या कमरेतली चकती सरकली. सकाळी तिला हात धरून उठवावं लागायचं, दात घासताना ती बेसिनला गच्च धरून उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन टाळायचं असेल तर आधी अंथरूण बदला.

"बदला म्हणजे?" घरी आल्यावर ती म्हणाली. "नीट करता येत नाही का?"

ती गादी तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली. गारगोटीच्या पुढे त्यांचं गाव. बांधावर सावरीची झाडं होती. सासऱ्यांनी तीन उन्हाळे स्वतः बोंडं गोळा केली, घरातल्या बायकांनी सोप्यात बसून बिया काढल्या आणि त्या कापसाची ही गादी झाली. आमच्याकडे आली तेव्हा अंग टाकलं की माणूस आत जायचा, इतकी मऊ. पुढे सासरे गेले, झाडं रस्ता रुंद करताना गेली आणि गादीच्या मध्ये हा एवढा खड्डा पडला. शेवटी शेवटी बायको सतरंजी टाकून जमिनीवर झोपायला लागली, पण गादी टाकू द्यायला तयार नव्हती. पुण्याहून मुलगी रोज मोबाईलवर फोमच्या गाद्यांच्या जाहिराती पाठवायची. मी एका शोरूममध्ये जाऊन, बूट काढून, एकीवर आडवाही होऊन आलो.

"तुम्हाला झोपायचं असेल तर झोपा त्याच्यावर," बायको म्हणाली. "मी बाबांच्या गादीवरच झोपणार. पिंजून आणा."

म्हणून मी गादी रिक्षात कोंबून त्याच्या दुकानात नेली. त्यानं मूठ घातली, काढली. एक टाका उसवून चिमूटभर कापूस बाहेर काढला आणि बोटांत चोळला. त्याचा भुगा झाला. फुंकर मारली तसा उडून गेला.

"सावर?"

"हो. सासऱ्यांनी स्वतःच्या झाडांची..."

"सावर उशीत घालत्यात. गादीत कुठल्या शाण्यानं घातली?"

"सासऱ्यांनीच."

"बोलवा त्यास्नी."

"ते वारले."

"मग वाचले."

मी हसल्यासारखं केलं. काम आपलं होतं.

"हे मशीनमधी घातलं की पीठ हुतंय," तो म्हणाला. "ह्यात आता काय ऱ्हायलं न्हाय. नवा कापूस भरून देतो, कडक. कंबर सरळ हुईल. बाईस्नी घिऊन या, समोर बसवा."

इथे मला अक्कल सुचली. मी जवळ सरकून हळू आवाजात म्हणालो, "असं करा. खोळ हीच राहू द्या. आत नवा कापूस भरा. घरी काही बोलायचं नाही. तिला वाटू दे, तोच आहे."

त्यानं मशीनचं बटण बंद केलं.

"म्हंजे कापूस बदलायचा आन् झोपणाऱ्या माणसाला सांगायचं न्हाय?"

"मी सांगतोय ना! गादी माझीच आहे."

"गादी तिच्या बाची हाय. उभा जलम मी हे करत न्हाय म्हणून लोकांस्नी समोर बसवतोय, आन् तुम्ही मास्तर असून मला हेच करायला सांगताय?"

"अहो, तिच्या कमरेसाठीच..."

"मग तिला सांगा की! जीभ न्हाय का तुम्हाला? उचला. उचला म्हणतोय की!"

मी उचलायच्या आधी त्यानंच ती उचलून रस्त्यावर टाकली. दोघंतिघं बघत उभे राहिले, एक जण हसलासुद्धा. तीस वर्षं मी पोरांना वर्गाबाहेर काढलं होतं. त्या दिवशी मला गादीसकट बाहेर काढलं गेलं. मी दुसरी रिक्षा थांबवली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथल्या माणसानं काही म्हणजे काही विचारलं नाही. दोन तासांत गादी भरून दिली, टणक आणि गुबगुबीत. जुना कापूस पोत्यात घालून कोपऱ्यात लोटला. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

घरी बायकोनं विचारलं, "कुणी पिंजली?"

मी गादी घेऊन गेलेलं सगळ्या बोळानं पाहिलं होतं. म्हणालो, "आपल्याच गादीवाल्यानं."

तिला झोप लागली. चौथ्या दिवशी ती हात न धरता उठली. महिन्याभरात मंडईत चालत जाऊन आली आणि येताना, मला न सांगता, त्याच्या दुकानात गेली.

"एवढा काही वाईट नाही हो तो माणूस," ती मला सांगत होती. "मी म्हटलं, माझ्या बाबांचा कापूस तुम्ही पुन्हा उभा केलात. तर बराच वेळ बघतच राहिला. मग म्हणाला, झोप लागती का? म्हटलं, लागते. कंबर? म्हटलं, बरी आहे. तर म्हणाला, मग झालं."

तो बोलला नव्हता. ज्यानं आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही, तो माझ्या बायकोची ताठ झालेली कंबर बघून गप्प बसला होता. मला त्याचे आभार मानावेसे वाटले असतील, असं तुम्हाला वाटेल. नाही वाटले. मला त्याचा आणखीच राग आला. त्या दिवसापासून मी दूध आणायला लांबच्या रस्त्यानं जायला लागलो.

पुढे मुलीला दिवस गेले. पणजोबांच्या सावरीची छोटी गादी पाळण्यात घालायची, असं बायकोच्या मनानं घेतलं. एका दुपारी तिनं आमच्या गादीचा कोपरा उसवला. मी पेपर वाचत होतो.

"अहो, हा बाबांचा कापूस नाही."

तिच्या मुठीत मळकट कापसाचा गोळा होता, त्यात गिरणीतले लाल-निळे धागे. सावर अशी हातात राहत नाही, बोटांतून निसटते. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. सांगायला मला तेव्हा भरपूर वेळ होता. मी म्हणालो, "असं कसं होईल?"

ती तो गोळा मुठीत धरून चपला घालून निघाली. मी मागोमाग.

दुकानात तीन माणसं होती. एक समोर बसून आपला कापूस बघत होता.

"समोर बसा म्हणून गाव डोक्यावर घेता," बायको रस्त्यातूनच ओरडली, "आणि यांची नजर चुकवून हात मारलात? कुठं घातला माझ्या बाबांचा कापूस?"

त्यानं तिच्या हातातला गोळा घेतला, उजेडात धरला, एक लाल धागा ओढून काढला. "हा कापूस ह्या दुकानात कदी आलाच न्हाय."

"मग गादीत काय आपोआप आला? मी तुमच्या पाया पडायला आले होते त्या दिवशी का नाही बोललात?"

तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

"तवा बोललो न्हाय," तो म्हणाला, "ती माझी चूक झाली."

"कापूसचोर!" बायको म्हणाली. "कापूसचोर मेला!"

समोर बसलेला माणूस उठून उभा राहिला. पलीकडच्या दुकानांतून लोक बाहेर आले. तो अजून माझ्याकडेच बघत होता, आणि आश्चर्य म्हणजे त्याच्या नजरेत राग नव्हता. तो नुसता वाट बघत होता. मी बायकोचा दंड धरला आणि म्हणालो, "चल. या धंद्यात असंच चालतं."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही.

त्याची बाजू घ्यायला कुणी आलं नाही, माझी गादी रस्त्यावर टाकताना ज्यांनी पाहिलं होतं तेसुद्धा नाहीत. कसं येणार? अर्ध्या पेठेला त्यानं म्हैस म्हटलं होतं. ज्याचा त्याचा जुना राग निघाला. वकील म्हणाले, "मला तेव्हाच संशय आला होता." फळीवर गाद्या दिसेनाशा झाल्या. त्याला एका वाक्यात माझी अब्रू घालवता आली असती. शहराच्या त्या टोकाचा गादीवाला त्याच्या ओळखीचा असणारच, नुसतं विचारलं असतं तरी पुरलं असतं. तो कुणाला काही बोलला नाही. दसऱ्यानंतर एक दिवस शटर उघडलं नाही. राधानगरीकडे मुलीच्या गावाला गेला म्हणाले. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.

बायको शेजारणीला अभिमानानं सांगत होती, "मीच बंद पाडलं त्याचं दुकान." ते ऐकलं आणि दुपारी जेवताना मी ताट बाजूला सारलं. मी सगळं सांगितलं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. वडिलांच्या कापसाचं तर तिनं विचारलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "मी त्याला चोर म्हणत होते, तेव्हा तुम्ही माझा दंड धरून उभे होता."

"हो."

दुसऱ्या दिवशी तिनं गावाचं नाव शोधून काढलं आणि आम्ही एसटीत बसलो. रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला ती समोरची दांडी धरून ओठ दाबत होती. मी हात पुढे केला तो तिनं बाजूला सारला.

घर गावाच्या कडेला होतं. त्याची मुलगी बाहेर आली, तिनं पाणी दिलं. कोल्हापूरहून आलोय म्हटल्यावर आत गेली आणि पुष्कळ वेळानं बाहेर आली. दार मागे लोटून ती उंबऱ्यापाशी उभी राहिली.

बायको मला म्हणाली, "इथंच उभं राहून बोला. मोठ्यानं."

शेजारच्या गोठ्यात माणूस धार काढत होता, दोन बायका धुणं घेऊन निघाल्या होत्या. सगळे थांबले. मी दाराकडे तोंड करून बोललो. "कापूस मी बदलला. दुसरीकडून भरून आणला. यांनी नाही म्हणून मला हाकलून दिलं होतं. चोरी यांची नाही, माझी आहे." शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज मध्येच फुटला. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हटलं.

आत कुणीतरी खोकलं. मग तोच आवाज आला, तालमीपर्यंत ऐकू जाणारा.

"सांग त्यास्नी, आबा घरात न्हाय म्हणून."

मुलीनं मान खाली घातली. आमच्यापासून दोन हातांवर उभी राहून ती हळूच म्हणाली, "आबा घरात न्हाईत."

"बरं," बायको म्हणाली.