तोडलेल्या डोमकळ्या: घाटंजीचे तीन दिवस

सुट्टी मागायला गेलो तर सुपरवायझर म्हणाला, "शादी है क्या?" म्हटलं नाही, एका शास्त्रज्ञाला बघायला चाललोय. तो हसला. मीही हसलो, पण खरं तेच होतं.

झालं असं. माझी धाकटी बहीण पल्लवी बीएस्सी झाली. तिला पुढं एमएस्सी, मग पीएचडी करायचीय. घरी एक स्थळही आलंय. बाबांचा फोन आला, "आपल्यात एवढी शिकलेली एकच, तुयी मावसबहीण शोभा. तिले काय भेटलं ते पाहून ये आन सांग, पोरीचा फॉर्म भरू का नको. सोमवार शेवटचा हाय." मी नववीतून शाळा सोडलेला, सहा वर्षं सुरतेत कापड रंगवायच्या मिलमध्ये. आणि निकाल मी द्यायचा! का, तर फी मी भरणार.

गुरुवारी गाडीत बसलो, शुक्रवारी सकाळी धामणगावला उतरलो. यवतमाळला जाणाऱ्यांनो, तिथून एसटी मिळते. यवतमाळच्या स्टँडवर तर्री पोहे खा, पण वरची तिखट तर्री आधी थोडीच घ्या. सुरतेचं गोड खाऊन माझी जीभ बिघडली होती, डोळ्यांतून पाणी आलं. पुढं घाटंजीची बस. दोन्ही बाजूंना कपाशी, मधे सागाचं जंगल. खिडकीजवळची जागा धरा. मागच्या सीटवर बसलात तर पोटातले पोहे हलतात.

शोभाताई स्टँडवर स्कूटी घेऊन उभी. पायांत गमबूट, पॅन्टला गुडघ्यापर्यंत चिखल.

"ताई, पांढरा कोट कुठी गेला?"

"धुवाले टाकला," ती म्हणाली. "बस मागं, नाटक नको करू."

तिच्या भाड्याच्या दोन खोल्या. एकीत ती राहते, दुसरीत प्लास्टिकच्या डब्यांत तिच्या अभ्यासाच्या गुलाबी बोंडअळ्या राहतात. त्यांच्या खोलीत पंखा चांगला आहे. जेवताना मी हळूहळू सगळं विचारून घेतलं. पीएचडी झाल्यावर तीन गावं, तीन प्रकल्प. हा मार्चमध्ये संपतो. पुढं वाढवायचा की नाही ते यंदाच्या आकड्यांवर. नवरापण शास्त्रज्ञ, तो हैदराबादला. सहा वर्षांची मुलगी अमरावतीला आजीकडं. तिचा फोन आला, "आई, तुझ्या अळ्या जेवल्या का?" ताई म्हणाली, "जेवल्या. तू जेवली का?" एवढं शिकून तीन माणसं तीन गावांत. बाबांना 'नको' सांगायचं, असं तेव्हा मनात पक्कं झालं होतं.

शनिवारी सकाळी तिच्यासोबत वावरात गेलो. एका शेतकऱ्याकडून घेतलेले दोन तुकडे. ती पलीकडच्या धुऱ्याला, बांधावर, सापळ्यांतले पतंग मोजत बसली, मी उगाच हिंडत होतो. एका तुकड्यात डोमकळ्याच डोमकळ्या! ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो: कपाशीचं एखादं फूल उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून बंद राहतात, आत अळी बसलेली असते. ती डोमकळी. आमच्याकडं लहान लेकराला चालता यायला लागलं की आई मागं घेऊन फिरते, डोमकळी दिसली की तोड आणि टाचेखाली चिरड. इथं तर एकेका डोमकळीच्या देठाला लाल दोरा बांधलेला. मला वाटलं, तोडायच्या म्हणून खूण केली असणार. हात आपोआप चालू झाले. तासाभरात तुकडा साफ, काही तिथंच चिरडल्या, बाकी दुपट्टाभर घेऊन ऐटीत ताईकडं गेलो.

तिनं दोरे पाहिले आणि धुऱ्यावर बसलीच.

"गजू, कोणत्या तुकड्यातल्या?"

"त्या लिंबाजवळच्या."

"तो न तोडायचा तुकडा होता रे. नाही तोडल्या तं काय होते, तेच मी मोजून राह्यली होती. जूनपासून."

वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "चूक मायी हाय. तुले सांगाले पाहिजे होतं." शिव्या परवडल्या असत्या.

मी म्हटलं, "ताई, कालचा आकडा घे, दोनचार वाढव, लिहून टाक. कोण पाहते?"

"मी पाहते ना."

तिला समजावून सांगितलं. आमच्या मिलमध्ये दर तासाला मशीनचं तापमान तक्त्यात लिहायचं असतं. आम्ही आठही रकाने चहाच्या वेळी एकदम भरतो. सगळेच भरतात.

"आन एखाद्या दिवशी खरंच तापली तं?"

तिनं वही काढली, त्या तुकड्याचा रकाना कोरा ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं, 'भावाने चुकून तोडल्या. या तुकड्याची नोंद येथे थांबली.' मग तिथूनच तिच्या सरांना फोन लावला आणि जसं झालं तसं सांगितलं. पलीकडून आलेलं मलाही ऐकू आलं, "मग मुदतवाढीचं कठीण दिसतंय, शोभा." ती म्हणाली, "हो सर." फोन ठेवून पुन्हा पतंग मोजायला बसली. मधेच म्हणाली, "थांब, तुयाशी बोलता बोलता चुकली," आणि पहिल्यापासून मोजलं.

रविवारी स्टँडवर आलूबोंडा खाताना मी सरळच विचारलं, "ताई, पल्लवीचा फॉर्म भरू का नको?"

"मले नको विचारू. आज हो म्हटलं तरी खोटं होईल, नाही म्हटलं तरी खोटं." बस लागली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाली, "सकाळी वावरात जाते तवा मले बरं वाटते. एवढं लिहून घे."

रस्ताभर काही जुळेना. माझ्यामुळं तिची नोकरी जाणार, आणि तिनं मला डब्यात ठेचा-भाकर बांधून दिली होती.

सोमवारी गाडीतून उतरून थेट ड्यूटीवर. बाबांचा फोन आला. म्हटलं, "नोकरी पक्की नाही. लेकरू आजीपाशी. पगार माझ्यापेक्षा थोडाच जास्त."

"मंग नको म्हणू का?"

"थांबा. दुपारी सांगतो."

चहाच्या वेळी तक्ता समोर आला. दहाचं तापमान मी पाहिलं होतं, ते लिहिलं. अकराचं पाहिलं नव्हतं. पेन तिथंच अडकलं. रकाना तसाच सोडला.

सुपरवायझर आला. "ये खाली क्यूँ है?"

"देखा नहीं था."

स्वतःच्या खिशातलं पेन काढून मशीनकडं न बघता त्यानं आकडा भरला आणि गेला. त्या आकड्याकडं मी बराच वेळ पाहिलं. आधीच्या सगळ्या आकड्यांसारखाच दिसत होता. त्यातले माझे कितीतरी. ताईच्या वहीत असा एकही नव्हता.

बाबांना फोन लावला. "फॉर्म भरा."

"पण तू तं म्हणत होता, तिले काही भेटलं नाही. काहून भरू?"

"मले नाही सांगता येत, बाबा. भरा."