डाव्या बैलाचा भार

लग्न होऊन मी रिहे गावी नांदायला आले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. त्या साली भाताच्या चिखलणीला शहरातून एक तरुण आमच्या खाचरात आला. इंजिनियरिंगच्या मोठ्या संस्थेत तो डॉक्टरेटसाठी संशोधन करत होता. मी नुकतीच न्याहारीची पाटी घेऊन बांधावर पोचले होते.

"कशाचं संशोधन वो?" मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं.

"औत ओढताना बैलाला किती जड जातं, त्याचं."

मामंजी मोठ्यानं हसले. "ह्येला सरकार पैसं देतंय व्हय?"

"देतं. एकच जागा होती, मला मिळाली. बैलाला सांगता येत नाही ना."

बूट काढून तो गुडघाभर चिखलात उतरला. जुवाच्या दोन्ही बाजूंना त्यानं भार मोजायचे स्प्रिंगचे काटे अडकवले. प्रत्येक फेऱ्यानंतर आधी बैलाच्या खांद्यावर तळहात ठेवायचा, मगच काटा वाचायचा. डावा बैल मागं राहतो म्हणून रोज पराणीची टोचणी खायचा. काट्यावर दिसलं, जास्त भार तोच ओढत होता.

मामंजींनी स्वतः वाकून काटा पाहिला आणि पराणी बांधात खोवली.

माझी नजर त्या माणसावरून हलेना. एवढी विद्या शिकायची, ती मुक्या जनावराची विचारपूस करायला! असलंही शिक्षण असतं?

तेवढ्यात तो वळला. "वहिनी, मघापासून उभ्या आहात. पाटी उतरवा की."

पाटी अजून माझ्या डोक्यावरच होती. मामंजी चिखलातून पुढं आले आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी उतरवून घेतली. तोवर त्या घरात माझ्या डोक्यावरचं कुणी काही उतरवलं नव्हतं.